वाळपई : कसणाऱ्यांचे गाव आणि जमिनीचा कागद

गोव्यातील ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासाची पुस्तके चाळली तर जुने गोवे, साष्टी, बार्देश, रायतूर ही नावे पानोपानी भेटतात. वाळपईचे नाव क्वचितच आढळते. याचे कारण उघड आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले, त्या वेळी वाळपई ज्या सत्तरी प्रांतात मोडते तो प्रांत पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने देशी भाषा मोडून काढण्याचा हुकूम काढला, तेव्हाही नव्हता. मंडळीच्या इतिहासाची पहिली अडीच शतके या गावाला जवळजवळ शिवलेलीच नाहीत. जी शिवली ती उलट्या बाजूने. वाळपईपासून थोड्याच अंतरावर ब्रह्मकरमळी नावाचे गाव आहे. तेथील ब्रह्मदेवाची पाषाणमूर्ती कदंबकालीन असून ती मूळची तिसवाडीतील करमळीची. सोळाव्या शतकात जुन्या काबिजादीत देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा भक्तांनी ती उचलून सत्तरीच्या रानात आणली, आणि येताना देवासोबत गावाचे नावही आणले. आमच्या पाठ्यपुस्तकांत ज्या काळाला मिशनकार्याचा आरंभ म्हटले जाते, त्या काळाची सत्तरीतील आठवण ही अशी आहे. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याने वाळपईकडे पाहण्यापूर्वी ही मूर्ती एकदा पाहावी, असे आम्हांस वाटते.

सत्तरी म्हणजे सत्तर गावांचा मुलूख. क्षेत्र सुमारे ४९० चौरस किलोमीटर, पूर्वेला सह्याद्रीची भिंत, आणि मधून कर्नाटकातील खानापूर तालुक्यात उगम पावून आलेली म्हादई वाहते. हीच पुढे मांडवी होऊन पणजीला समुद्रास मिळते. वाळपई हे या तालुक्याचे मुख्य ठाणे. मामलेदार कचेरी, नगरपालिका, सरकारी दवाखाना, पोलीस प्रशिक्षण केंद्र, शाळा आणि बाजार असा त्याचा पसारा आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ ते नऊ हजारांच्या दरम्यान भरली. पणजी-म्हापशाच्या माणसाला हे खेडेच वाटेल. पण गुळेली, नगरगाव, ठाणे, केरी या बाजूंच्या माणसाला 'शहरात जाऊन येतो' म्हणताना वाळपईच अभिप्रेत असते. दाखला, औषध, खत, लग्नाचे कापड आणि तारीख पडलेला दावा, सगळ्यांसाठी रस्ता येथेच येतो. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टींपैकी कापडाची खरेदी एका दिवसात उरकते. दाव्याची मात्र पिढ्यान्‌पिढ्या उरकत नाही, आणि तोच या लेखाचा खरा विषय आहे.

पोर्तुगीजांनी सावंतवाडीच्या भोसल्यांकडून १७८१ मध्ये डिचोली व १७८२ मध्ये सत्तरी घेतली. १७८८ मध्ये पेडणे मिळाले. नव्या काबिजादी म्हणतात त्या या. येथे येईपर्यंत पोर्तुगीज सत्तेचा धर्मप्रसाराचा जोर ओसरला होता, मराठ्यांची भीती शिल्लक होती, आणि नव्या प्रजेच्या धर्मात व चालीरीतींत हात घालणार नाही असे वचन देऊनच कारभार चालवणे तिला भाग होते. म्हणून सत्तरीत गावोगाव सातेरीची वारुळे, देवराया आणि मांड जसेच्या तसे राहिले. हे वचन पुष्कळ अंशी पाळले गेले, याची नोंद करणे न्यायाचे आहे.

जमिनीची गोष्ट निराळी. जुन्या काबिजादीत गावकरी संस्थांचे रिवाज पोर्तुगीजांनी १५२६ मध्येच अफोन्सो मेशिया याच्या सनदेत लिहून काढले होते. लिहून काढल्यामुळे त्या संस्था सरकारच्या मुठीत गेल्या हे खरे. पण गावाची जमीन गावाची आहे, एवढे तरी कागदावर आले. सत्तरी त्या सनदेच्या बाहेर. येथे सावंतवाडीकरांच्या काळापासून साखळीच्या राणे घराण्याकडे मोकासे होते, आणि ते पोर्तुगीजांनी चालू ठेवले. मोकासा हा वस्तुतः जमिनीच्या मालकीचा हक्क नव्हे. चाकरीच्या मोबदल्यात एखाद्या गावाचा वसूल घेण्याचा तो अधिकार. वसूल घेणारा वसूल घेई. डोंगरावर कुमेरी करणारा, म्हणजे रान तोडून, जाळून, नाचणी-वरी पेरून, काही वर्षांनी ती जागा सोडून दुसऱ्या उतारावर जाणारा, आपला फिरत राही. आणि ओढ्याकाठी भातशेती करणारा आपली कुळागरे वाढवी. कोणाचा उतार कोणता हे गावाला ठाऊक होते. गावाला ठाऊक असलेली गोष्ट लिहावी कशाला, असा तो काळ होता. पण काळ बदलला, जमिनी मोजल्या गेल्या, आणि मोजणीच्या कागदावर 'मालक' असा एक रकाना आला. त्या रकान्यात कुठे मोकासदाराचे नाव चढले, कुठे सरकारचे. कसणाऱ्याचे नाव बहुधा कुठेच चढले नाही.

राण्यांची बंडे हा सत्तरीच्या इतिहासातील सर्वांत तेजस्वी भाग मानला जातो, आणि तसा तो आहेच. २६ जानेवारी १८५२ रोजी दीपाजी राणे यांनी वाळपईजवळील नाणूसचा किल्ला घेतला. वतनी हक्कांवर आलेली गदा, नवे कर, आणि हिंदूंच्या पोशाखावर बंधने घालणारा हुकूम ही त्यामागची कारणे सांगितली जातात. साडेतीन वर्षे हे बंड चालले आणि १८५५ मध्ये तडजोडीने मिटले. पुढे कुष्टोबा राणे यांनी १८६९ ते १८७१ असा एकाकी झगडा दिला व त्यातच ते मारले गेले. १८९५ मध्ये गोव्यातील मराठा शिपायांना मोझांबिकला जाण्याचा हुकूम झाला. समुद्र ओलांडण्यास त्यांनी नकार दिला, बंदुका घेऊन ते सत्तरीत आले आणि दादा राणे यांच्या नेतृत्वाखाली राणे त्यांना मिळाले. हे बंड लिस्बनला इतके जड वाटले की राजाचा सख्खा भाऊ, राजपुत्र आफोन्सो, फौज घेऊन स्वतः गोव्यात आला.

येथे एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. ही बंडे कोणाची? नाणूसच्या तटावर राण्यांबरोबर जे चढले असतील त्यांत कुमेरी करणारे, गुरे राखणारे, मोकासदाराला वसूल देणारे लोकही असले पाहिजेत. त्यांच्यावाचून रानातले युद्ध चालत नाही. तडजोड मात्र नेत्यांशी होते, आणि तडजोडीत जे परत मिळते ते नेत्यांचे असते. १८५५ च्या समेटाने कसणाऱ्याचे नाव कोणत्याही वहीत लिहिले गेले नाही. राण्यांच्या पराक्रमाला यामुळे उणेपणा येतो असे आम्ही म्हणत नाही. पण गोव्याबाहेरच्या वाचकाला ही बंडे केवळ परकीय सत्तेविरुद्धचा लढा म्हणून सांगितली जातात आणि सत्तरीच्या शेतकऱ्याची खरी अडचण त्या तेजात दिसेनाशी होते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६३ च्या डिसेंबरात दयानंद बांदोडकर यांचे सरकार आले. खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. १९६४ मध्ये कुळकायदा झाला, १९७५ मध्ये मुंडकार कायदा, आणि १९७६ च्या दुरुस्तीने कूळ हे जमिनीचे मालक मानले गेले. पेडण्यापासून फोंड्यापर्यंत या कायद्यांनी फार मोठे काम केले. पण कुळकायद्याला कूळ लागते, आणि कूळ ठरण्यासाठी जमीनदाराशी काही नाते, खंडाची एखादी पावती, निदान उताऱ्यावर नोंद लागते. ज्याच्या आजोबाने सरकारी म्हणून नोंदलेल्या डोंगरावर काजूची रोपे लावली तो कोणाचे कूळ? सत्तरीत आजही 'मोकाशाची जमीन', 'आल्वारा जमीन', 'सरकारी जमीन' हे शब्द लहान मुलांनाही ठाऊक असतात. आल्वारा म्हणजे पोर्तुगीज काळात लागवडीसाठी दिलेली जमीन. इतर तालुक्यांत ज्याला एक-चौदाचा उतारा म्हणून खिशात घालतात, तो सत्तरीत ऐकून माहीत असलेला पदार्थ आहे. प्रतापसिंह राणे हे १९७२ पासून २०२२ पर्यंत अखंड पन्नास वर्षे याच भागातून आमदार होते व अनेकदा मुख्यमंत्री झाले. तरीही हा गुंता पूर्णपणे सुटला नाही. एका व्यक्तीच्या इच्छेने सुटेल असा तो नव्हताच, हे यावरून दिसते.

कागद नसला तरी जीवन थांबत नाही. फाल्गुन लागला की सत्तरीत शिगमो सुरू होतो. रोमटामेळ निघतात, लाकडी घोड्यांची घोडेमोडणी नाचते, झर्मे व करंझोळ येथे चोरोत्सव होतो, आणि करंझोळच्या मांडावर रणमाल्याचे खेळ अजूनही उभे राहतात. पौषात बायका धालो घालतात. याच सुमारास डोंगरावर काजूला मोहोर येतो. मार्च ते मे हे वाळपईच्या बाजाराचे खरे महिने: बिया विकायच्या, बोंडे तुडवून रस काढायचा, भाटी पेटवायची, हुर्राक आणि फेणी गाळायची. जे काही चार पैसे हातात येतात ते येथेच, आणि लगेच पुरुमेंताच्या खरेदीत जातात. सुके मासे, मिरच्या, चिंच, सोले, मीठ. सत्तरीचा पाऊस चार महिने घराबाहेर पडू देत नाही, म्हणून हा साठा.

या बाजारात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती तिघेही आहेत. मुसलमानांची वस्ती जुनी आणि मोठी आहे. ख्रिस्ती कुटुंबे प्रायः जुन्या काबिजादींतून पोटापाण्यासाठी आलेली. येथील चर्च लूर्द मातेच्या नावाने आहे. लूर्द येथील दर्शने १८५८ मधील, तेव्हा हे नावच सांगते की हे चर्च जुन्या गोव्याच्या सोळाव्या शतकातील चर्चेसच्या पिढीचे नव्हे. नातवा-पणतवांच्या पिढीचे आहे. सत्तरीतील मंडळी ही अशी पाहुणी म्हणून आली. तिच्यामागे इन्क्विझिशन नव्हते, गावकरीची जमीन नव्हती, नि बहुसंख्येचे बळही नव्हते. तिने पाव भाजला, शाळा काढली आणि शेजार धरला. देऊळ, मशीद आणि चर्च यांचा घोष एकाच बाजारावर पडतो, आणि भाषेच्या बाबतीत तर गंमतच आहे: घरात सर्वांची कोकणी, देवळातले भजन मराठीत, चर्चमधील प्रार्थना रोमी लिपीतल्या कोकणीत.

आता थोडे दूर जाऊ. आशियातील मंडळीविषयी वाचणाऱ्यांना फिलिपाईन्समधील नेग्रोस बेटाचे नाव नवे नाही. ती स्पेनची वसाहत, ही पोर्तुगालची. दोन्हीकडे इबेरियन राज्य, दोन्हीकडे जमिनीचा प्रश्न. १८५६ मध्ये शेजारच्या इलोइलो बंदरात आलेल्या निकोलस लोनी या ब्रिटिश उपवाणिज्यदूताने उसासाठी यंत्रे व कर्ज यांची वाट मोकळी केली आणि काही दशकांतच नेग्रोसची सपाट जमीन मोठमोठ्या हासिएन्दांत वाटली गेली. तेथील ऊसगाव म्हणजे कारखाना, मालकाचा वाडा, चौक, चर्च, आणि भोवती मजुरांच्या झोपड्या. गळीत संपले की तोडणी नाही, मजुरी नाही. त्या महिन्यांना तेथे 'मृत काळ' म्हणतात. १९८० नंतर जागतिक बाजारात साखरेचा भाव कोसळला, मळेवाल्यांनी लागवडच सोडून दिली आणि बेटावर उपासमार पसरली. २० सप्टेंबर १९८५ रोजी एस्कालान्ते येथे निदर्शकांवर गोळीबार होऊन वीस माणसे मेली. बाकोलोदचे बिशप आन्तोनियो फोर्तिच आणि तेथील लहान लहान ख्रिस्ती समुदाय त्या वर्षांत मजुरांच्या बाजूने उभे राहिले. याच मंडळीने पूर्वी शतकभर मालकांच्या वाड्यात जेवण घेतले होते, हेही तेथील लोक विसरले नव्हते.

नेग्रोसच्या मजुराजवळ पायाखालची जमीनच नव्हती. सत्तरीच्या शेतकऱ्याजवळ जमीन होती, कागद नव्हता. त्याचे मरण म्हणून एका वर्षात आले नाही. ते अर्जाच्या पुढच्या तारखेत लांबत गेले.

आणि ऊस? ऊस गोव्यातही आला. सत्तरच्या दशकाच्या आरंभी धारबांदोडा येथे संजीवनी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. वसाहतीला बांदोडकरांच्या स्मरणार्थ दयानंदनगर नाव मिळाले. दिवसाला १२५० टन गाळपाची क्षमता असलेला हा गोव्यातील एकमेव साखर कारखाना. सांगे, धारबांदोडा, केपे या तालुक्यांबरोबर सत्तरीतील काही शेतकऱ्यांनीही त्याच्या भरवशावर ऊस लावला. प्रवरेच्या काठी १९५० मध्ये जे घडले ते म्हादईच्या काठी घडेल, अशी ती आशा होती. परंतु ऊस हे फार काटेकोर पीक आहे. त्याला बारमाही पाणी लागते. तोडल्यावर तो दिवसभरात कारखान्यात पडावा लागतो, नाही तर वजनही घटते आणि साखरही. अतिवृष्टीच्या ढगाळ प्रदेशात उताराही कमी पडतो. शिवाय रानाच्या कडेला लावलेला ऊस गवे, रानडुकरे आणि माकडे आधी गाळतात. संजीवनीला गोव्यातला ऊस कधी पुरेसा झाला नाही. बाहेरून आणावा लागे, आणि तोटा साचत गेला.

याशिवाय एक अडचण सत्तरीची स्वतःची होती. उसाला पीककर्ज हवे, पंप हवा, पाइप हवा. या प्रत्येकासाठी उतारा हवा. काजूला यांतले काही लागत नाही. बी टोचली की झाड आपले आपण वाढते, आणि ते झाडच लावणाऱ्याचा साक्षीदार होते. काजू हे बिनकागदाचे पीक, ऊस कागदाचे. सत्तरीने उसापेक्षा काजू का धरला याचे अर्धे उत्तर आमच्या मते येथे आहे. उरलेले पावसात आणि उतारात.

२०१९-२० च्या हंगामापासून संजीवनीचे गाळप बंद झाले. गोव्यातला ऊस ट्रकांत भरून घाटावर खानापूरकडे जाऊ लागला, आणि सरकारने ऊस उत्पादकांना पाच वर्षे टनामागे मदत ठरवली, ती वर्षागणिक उतरत जाणारी. ज्या तालुक्यातून म्हादईचे पाणी खाली येते त्याच तालुक्यात खालचा ऊस वर जातो, आणि त्याच पाण्यावरून तीन राज्यांचा तंटा लवादापुढे गेला, ज्याचा निवाडा ऑगस्ट २०१८ मध्ये झाला.

कागदाचा प्रश्न ऐरणीवर आला तो मात्र उसामुळे नव्हे. १९९९ मध्ये सत्तरीतील सुमारे २०८ चौरस किलोमीटर मुलूख म्हादई अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि गावेच्या गावे रेषेच्या आत आली. पुढे गुळेली पंचायतीतील शेळ-मेळावली येथे भारतीय तंत्रज्ञान संस्थेसाठी जागा निवडली गेली. नोंदीत ती जमीन सरकारची. गावकऱ्यांच्या लेखी ती पणज्याने लावलेल्या काजूची. जानेवारी २०२१ मध्ये मोजणीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांना आणि पोलिसांना गावातील बायकांनी वाटेत आडवे पडून अडवले. ६ जानेवारीला चकमक झाली. १५ जानेवारीला सरकारने प्रकल्प तेथून हलवण्याचे जाहीर केले. गोव्यात उच्च शिक्षणाची संस्था यावी यात वाईट काहीच नाही, आणि तिच्या बाजूने बोलणारी माणसे सत्तरीतही होती. पण ज्या जमिनीवर शतकभर काजू वेचला ती 'रिकामी' आहे असे नकाशा म्हणतो तेव्हा वाद संस्थेशी राहत नाही, नकाशाशी होतो.

अशा वेळी ख्रिस्ती वाचकाला नाबोथाचा द्राक्षमळा आठवतो. आठवावाच; पण सत्तरीला यिर्मया अधिक जवळचा आहे. वेढा पडलेल्या यरुशलेमेत त्याने अनाथोथचे शेत विकत घेतले, साक्षीदार उभे केले, खरेदीखत दोन प्रतींत केले आणि ते टिकावे म्हणून मातीच्या मडक्यात ठेवायला सांगितले. नाबोथाचा हक्क अहाबालाही ठाऊक होता. मेळावलीच्या माणसाजवळ तेवढेही नव्हते. त्याचे मडके रिकामे होते.

जानेवारी २०२० मध्ये गोळावली परिसरात विषबाधेने चार वाघ मेले आणि रेषेच्या आतली माणसे व जनावरे यांचा प्रश्न देशभर पोचला. २४ जुलै २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई व लगतचे संरक्षित क्षेत्र व्याघ्रप्रकल्प म्हणून तीन महिन्यांत जाहीर करण्याचा आदेश दिला. त्याच आदेशात वनहक्कांचे दावे बारा महिन्यांत निकाली काढण्यासही सांगितले. पहिल्या भागाची चर्चा वृत्तपत्रांत पुष्कळ झाली. वाळपईच्या बाजारात चर्चा दुसऱ्या भागाची होती.

२००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे आदिवासी नसलेल्या दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वी पंचाहत्तर वर्षे, म्हणजे तीन पिढ्या, आपण या रानावर जगत आलो हे दाखवावे लागते. म्हणजे १९३० पर्यंत मागे जायचे. त्या सालाचा कागद सत्तरीत कोणाच्या पेटीत सापडणार? पण त्याच कायद्याच्या नियमांत पुराव्यांच्या यादीत एक नोंद आहे: गावातील वृद्धांचे लेखी निवेदन. दावेदार नसलेल्या म्हाताऱ्याने सांगावे आणि ते लिहून घ्यावे. ग्रामसभेत आता असे म्हातारे बोलावले जातात. कुमेरी कोणत्या उताराची कोणाची होती, कोणत्या ओढ्यापाशी कोणाची भाटी लागे, देवराईची हद्द कोणत्या दगडापर्यंत, शिगम्यात मांडावर पहिला नारळ कोणी ठेवायचा, असे ते सांगत जातात, आणि ग्रामपंचायतीचा सचिव ते एकेक ओळ करून लिहून घेतो.